लॉरेन्सचा अपघात आणि केर्न्सची मोजणी

हेल्मेटच्या इतिहासाबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटरसायकलवरून पडून वारला, त्याच्यावर उपचार करणाऱ्या तरुण मेंदूशल्यविशारदाला ते मरण जिव्हारी लागले आणि त्यातून हेल्मेट जन्माला आले. गोष्ट सुटसुटीत आहे. तिच्यात नायक आहे, शोकांत आहे आणि शेवटी लोककल्याणही आहे. पण तारखा ओळीने मांडल्या की ती डळमळू लागते. हेल्मेट लॉरेन्सच्या मृत्यूच्या एकवीस वर्षे आधीच होते आणि त्याच्या मृत्यूनंतर सहा वर्षे त्याबाबत काही घडले नाही. मग घडले ते कशामुळे? हा प्रश्न जुन्या इंग्लंडपुरता नाही, म्हणून तो जरा मुळातून पाहू.

टी. ई. लॉरेन्स हे नाव पहिल्या महायुद्धातील अरब उठावाशी जोडलेले आहे. प्रसिद्धीला कंटाळून हा माणूस पुढे नाव बदलून ब्रिटिश हवाई दलात साधा शिपाई म्हणून भरती झाला. त्या नोकरीत तो कराचीला आणि मग वायव्य सरहद्दीवरच्या मीरानशाहला होता. जानेवारी १९२९मध्ये तो ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून मायदेशी निघाला. त्याचा खरा शौक वेगाचा. ब्रफ सुपिरिअर या त्या काळच्या अत्यंत महागड्या मोटरसायकली त्याने एकापाठोपाठ एक अशा सात वापरल्या. हवाई दलातून निवृत्त होऊन जेमतेम काही आठवडे झाले होते. १३ मे १९३५ रोजी डॉर्सेट परगण्यातल्या आपल्या क्लाउड्स हिल या घराकडे परतत असताना रस्त्याच्या उतारावर दोन सायकलस्वार मुले अचानक समोर आली. त्यांना वाचवायला त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्यावर काही नव्हते. सहा दिवस तो बेशुद्ध होता. १९ मे रोजी बोव्हिंग्टनच्या लष्करी इस्पितळात तो गेला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी.

त्याच्यासाठी बोलावलेल्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स होते. जन्म १८९६, ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीचा. शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला आले आणि पुढे अमेरिकेत बोस्टनला हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली मेंदूच्या शस्त्रक्रियेचे शिक्षण घेतले. १९३७मध्ये ते ऑक्सफर्डला शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. लॉरेन्सच्या बाबतीत त्यांना करता येण्यासारखे फारसे काही नव्हते. मेंदूला एकदा जबर मार बसला की शल्यविशारदाचे हात तोकडे पडतात, हे त्या काळी खरे होते आणि बऱ्याच अंशी आजही आहे.

आता हेल्मेटचे वय पाहू. १९१४च्या सुमारास इंग्लंडमधील ब्रुकलँड्सच्या शर्यतमार्गावर एरिक गार्डनर नावाचे डॉक्टर होते. शर्यतीत पडलेल्यांची डोकी फुटलेली ते वारंवार पाहत. त्यांनी जाड कापडावर लाखेचे थर देऊन टणक टोपी करवून घेतली. लाख म्हणजे आपल्या बांगड्यांची, पत्रावर मोहोर उमटवण्याची लाख. ती जगाला प्रामुख्याने हिंदुस्थानच पुरवी. त्याच वर्षी आयल ऑफ मॅनच्या शर्यतीत ही टोपी सक्तीची झाली. म्हणजे शर्यतीतल्या स्वाराला डोके झाकायचे असते हे १९१४पासून ठाऊक होते. मात्र ती शर्यतीची वस्तू मानली गेली. रस्त्यावरच्या माणसाचे डोके निराळ्या मातीचे असते, असा काहीसा समज असावा!

१ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनमध्ये रात्रीचा दिवाबंदीचा हुकूम निघाला. रस्त्यावरचे दिवे विझले, गाड्यांच्या दिव्यांवर झाकणे आली आणि त्या काळोखात लष्कराचे निरोप्ये मोटरसायकलींवरून धावू लागले. शत्रूची गोळी लागण्याआधीच माणसे मरू लागली. केर्न्स तोवर सैन्याचे मेंदूशल्यविशारद झाले होते. ऑक्सफर्डच्या सेंट ह्यूज कॉलेजात डोक्याच्या जखमांसाठी खास लष्करी इस्पितळ उघडले होते. तिथे त्यांनी मोजायला सुरुवात केली.

४ ऑक्टोबर १९४१च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा लेख आला. युद्धाच्या पहिल्या एकवीस महिन्यांत २,२७९ मोटरसायकलस्वार आणि मागे बसलेले प्रवासी रस्त्यावर मेले होते. युद्धाआधीच्या एकवीस महिन्यांत हा आकडा १,८८४ होता. म्हणजे वाढ २१ टक्क्यांची. पैकी बहुतेकांना डोक्याची जखम नडली होती. आणि हेल्मेट घातलेले जखमी केर्न्स यांना किती सापडले? फक्त सात. सातही जण वाचले.

सात हा आकडा लहान आहे. आजचा एखादा परीक्षक तो हातात घेऊन नाक मुरडेल. पण केर्न्स यांनी त्यावर दावा उभारला तो जपूनच, आणि पुढचे काम थांबवले नाही. नोव्हेंबर १९४१मध्ये सैन्याने कामावरच्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. १९४३मध्ये केर्न्स आणि भौतिकशास्त्रज्ञ होलबर्न यांनी मिळून हेल्मेट घातलेल्या १०६ अपघातग्रस्तांचा अभ्यास छापला. १९४६च्या लेखात केर्न्स यांनी संपूर्ण युद्धकाळातल्या मासिक मृत्यूंचा आलेख मांडला. शिखरावर महिन्याला जवळपास २०० मृत्यू, युद्ध संपताना सुमारे ५०.

ही घट सगळी हेल्मेटमुळेच झाली असे मात्र म्हणता येत नाही. १९४२मध्ये सामान्य नागरिकांचे पेट्रोलचे नेहमीचे रेशन बंद झाले आणि रस्त्यावरच्या खासगी गाड्या कमी झाल्या. मृत्यूंच्या घटीतला काही वाटा त्याचा धरायलाच हवा. हेल्मेटचा वाटा किती, हे निश्चित करायला पुढे कित्येक वर्षांचे अभ्यास लागले. अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००८च्या कॉक्रेन आढाव्याने निष्कर्ष काढला : हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी घटते. केर्न्स यांची दिशा बरोबर होती.

होलबर्न यांच्या कामाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. ‘कवटी फुटली नाही, म्हणजे वाचला’ हा समज त्यांनी मोडला. जिलेटीनचा मेंदू करून त्यांनी दाखवले की डोके गर्रकन फिरले तरी आतला मऊ गोळा ताणला जातो, फाटतो. कवटी शाबूत राहूनही. त्यामुळे चांगले हेल्मेट नुसते टणक असून भागत नाही. वरचे कवच आघात पसरवते, आतला थर्माकोलसारखा थर चेपला जाऊन डोके थांबायला क्षणाचा काही अंश अधिक मिळवून देतो. तेवढ्या अंशावर जीव टांगलेला असतो. तो थर एकदाच चेपतो. म्हणून एका अपघातातून गेलेले हेल्मेट बाहेरून चकचकीत दिसले तरी बाद समजायचे. आणि हनुवटीखालचा पट्टा बांधला नसेल तर ते डोक्याआधीच उडून जाते.

सैन्यात हुकूम पुरला. नागरी ब्रिटनमध्ये मात्र सक्ती यायला १ जून १९७३ उजाडला. केर्न्स १९५२मध्येच वारले होते. तोवर ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९६१मध्ये जगात प्रथम असा कायदा केला होता. ब्रिटनच्या संसदेत इनॉक पॉवेल यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाने विरोध केला. पुढे १९७६मध्ये पगडीधारी शिखांना सूट मिळाली. अमेरिकेत निराळेच झाले. केंद्राच्या दबावाने १९७५पर्यंत ४७ राज्यांनी सक्ती आणली; १९७६मध्ये दबाव उठताच पुढच्या चार वर्षांत निम्म्याहून अधिक राज्यांनी ती रद्द तरी केली किंवा सैल केली. मृत्यू पुन्हा वाढले. कायदा आणि मृत्यू यांचे नाते दोन्ही दिशांनी तपासून पाहण्याची ही संधी कोणी मागितली नव्हती, पण मिळाली.

आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमात हेल्मेट आहे. चालवणारा आणि मागे बसणारा, दोघांनाही. तरीही सायकलींचे शहर असलेले आणि पुढे दुचाकींचे झालेले पुणे या कलमाशी वर्षानुवर्षे भांडत आले. १ जानेवारी २०१९पासून कडक अंमलबजावणी सुरू झाली तेव्हाही मोर्चे निघाले. हॉर्न ऐकू येत नाही, मान दुखते, उकडते, गावात वेग तो किती, आधी खड्डे बुजवा. यातले शेवटचे म्हणणे रास्तच आहे. पण ‘आधी’ या शब्दात गफलत आहे. खड्डा बुजेपर्यंत डोके उघडे ठेवल्याने तो लवकर बुजत नाही. आणि वेगाचे म्हणाल तर डोके आपटते ते आधी जमिनीवर. उभ्या माणसाच्या उंचीवरून पडलेले डोकेही फुटू शकते.

आता आपली मोजणी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२मध्ये देशात दुचाकीवरचे ७४,८९७ लोक अपघातांत मेले. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ मेले; त्यांत चालवणारे ३५,६९२ आणि मागे बसलेले १४,३३७. सगळेच हेल्मेटने वाचले असते असे नाही. पण ४२ टक्क्यांचा ढोबळ हिशेब लावला तरी एकवीस हजारांच्या आसपास माणसे एका वर्षात घरी परतली असती.

त्या १४,३३७कडे जरा थांबून पाहावे. केर्न्स यांनी १९४१मध्ये मागे बसलेल्यांनाही स्वारांबरोबरच मोजले होते. आपण मात्र हेल्मेट हे पोलिसाला दाखवायचे कागदपत्र समजतो आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर चढवतो. मागे बायको पदर सावरत एका बाजूला बसलेली, मध्ये शाळेचे दप्तर घेतलेले पोर, दोघांची डोकी उघडी. घरातले एकुलते एक हेल्मेट कुणी घालावे, हा प्रश्नच आपल्या घरांत कधी उपस्थित होत नाही. २०१९च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांनाही ते लागू केले; ते ऐकिवात असलेली घरे किती?

लॉरेन्सच्या गोष्टीत हेच नेमके हरवते. एका थोर माणसाच्या मरणाने सगळे हळहळले आणि सहा वर्षे काही बदलले नाही. बदलले ते २,२७९ अनाम माणसे कुणीतरी कागदावर ओळीने मांडली तेव्हा. आपल्याकडे तर मोजणी दरवर्षी छापून येते, तपशीलवार आणि फुकट वाचायला. केर्न्स यांना मिळवावे लागलेले सगळे आपल्या हाती आयते आहे. उरले आहे ते एवढेच, की दारातून निघताना मागे बसणाऱ्या माणसासाठी दुसरे हेल्मेट खुंटीवरून काढायचे. त्यासाठी ते आधी विकत आणलेले हवे.