गिटारच्या दांडीतील सळई

गेल्या श्रावणात आमच्या भाच्याने आपली गिटार आमच्यापुढे आणून ठेवली. तारा छेडल्या की पडद्यांवर आपटून झणझणत होत्या. खुंट्यांच्या खाली एक लहानसे झाकण होते. ते काढून त्याने आतील चाकी पान्याने पाव फेरा सैल केली, आणि काही वेळाने तो कर्कश आवाज नाहीसा झाला. लाकडाच्या पोटात ही चाकी प्रथम कोणी व कशासाठी बसविली, याचा शोध घेण्याची इच्छा आम्हांस तेव्हा झाली.

पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण सुमारे सत्तर किलो असतो. म्हणजे एक धडधाकट मनुष्य त्या बारीक दांडीला अहोरात्र लोंबकळत असतो म्हणा ना! दोरी ओढलेल्या धनुष्याप्रमाणे दांडी तारांच्या बाजूस वाकू पाहते. आमच्या सतारीचे पडदे दोऱ्यांनी बांधलेले, उंच व सरकविता येणारे. तंबोऱ्यास तर पडदेच नाहीत. त्यामुळे किंचित बाक तेथे खपून जातो. गिटारीचे पडदे दांडीतच ठोकलेले असल्याने तेथे ही मुभा नाही. पुन्हा मौज अशी की दांडी अगदी सरळही चालत नाही. छेडलेली तार मध्यभागी सर्वांत रुंद थरथरते, म्हणून तेथे तिला जेमतेम पाव मिलिमीटर खोलगट जागा लागते. एवढ्याशा अंतरासाठी हा सारा खटाटोप!

आतड्याच्या तारा होत्या तोवर ताण पुष्कळच कमी असे. विसाव्या शतकाच्या आरंभी मोठ्या आवाजाची मागणी वाढली, पोलादी तारा आल्या, आणि दांड्या वाकू लागल्या. अमेरिकेतील मिशिगन प्रांतात कालामाझू येथे गिब्सन कंपनीचा कारखाना होता. तेथील थॅडियस मॅकह्यू याने 1921 साली दांडीत पोलादी सळई घालण्याच्या युक्तीच्या एकस्वासाठी अर्ज केला. ते 1923 साली मिळाले. या जातीच्या सळईचे एक टोक लाकडात पक्के असते, दुसऱ्यास आटे व चाकी. सळई दांडीच्या पाठीकडे झुकलेली असते. चाकी आवळली की पाठीकडील लाकूड दाबले जाते व दांडी मागे वळू लागते. तारा पुढे ओढतात, सळई मागे. दोहोंच्या तडजोडीतून दांडी जागेवर राहते. सळईमुळे दांडी भक्कम होते ही समजूत चुकीची नसली तरी अपुरी आहे. तिचे खरे मोल भक्कमपणात नसून फेरफार करता येण्यात आहे.

पेनसिल्व्हेनियातील नाझरेथच्या मार्टिन घराण्यास मात्र हे मानवले नाही. त्यांचा मूळ पुरुष 1833 साली जर्मनीहून अमेरिकेत आलेला. दांडी नीट घडविली तर ती वाकेलच कशाला, असा त्या घराण्याच्या गिटारींचा जणू बाणा होता. प्रथम आबनुसाची पट्टी, 1934 पासून इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा पोलादी गज, महायुद्धात पोलाद दुर्मिळ झाल्यावर पुन्हा आबनूस, 1967 साली चौकोनी पोकळ नळी; पण चाकी नाही ती नाहीच. गिब्सनच्या एकस्वाची मुदत 1940 सालीच संपली होती, तेव्हा कायद्याची आडकाठी फार काळ नव्हती. अशी दांडी एकदा वाकली की ग्राहकास कारागिराचे दार गाठण्यावाचून गत्यंतर नसे. कारागिराचा अभिमान आम्हांस पूज्य आहे. तथापि त्याचा भुर्दंड वाजविणाऱ्याने का सोसावा?

लिओ फेंडर यानेही 1950 साली आपल्या पहिल्या विजेच्या गिटारी सळईवाचूनच काढल्या. मेपलचे कठीण लाकूड पुरे पडेल असा त्याचा अंदाज होता. तो वर्षाच्या आतच त्याला सोडावा लागला. त्याची दांडी एकाच लाकडाची, वर निराळी पट्टी नाही. म्हणून सळईसाठी पाठीमागून चर पाडून तो अक्रोडाच्या काळसर पट्टीने बुजविला. ही ठिगळवजा पट्टी पुढे त्या गिटारींची शोभाच होऊन बसली!

या एकेरी सळईची एक मर्यादा आहे. ती दांडीस मागे ओढू शकते, पुढे ढकलू शकत नाही. तारा हलक्या असल्या आणि दांडी आधीच मागे कललेली असली, तर चाकी पूर्ण सैल करूनही उपयोग होत नाही. पुढे निघालेल्या दुहेरी सळईत एका सळईस दुसरी सळई किंवा पट्टी दोन्ही टोकांशी जोडलेली असते. चाकी फिरली की एकीची लांबी दुसरीच्या मानाने कमी वा अधिक होते, आणि ती जोडी स्वतःच वाकते. उजवीकडे फिरविल्यास एका बाजूस, डावीकडे फिरविल्यास दुसऱ्या. लाकूड दाबावे लागत नाही. फक्त वजन थोडे वाढते.

मार्टिननी अखेर 1985 साली फिरती सळई स्वीकारली, गिब्सनच्या एकस्वानंतर बासष्ट वर्षांनी. गिब्सनची चाकी खुंट्यांपाशी झाकणाखाली, हाताशी असते. मार्टिननी ती तबलीच्या भोकातून आत, लांब पाना घालूनच सापडेल अशा जागी ठेवली.