जागल्याची शिदोरी

आमच्यासारख्या युनियनच्या माणसाने विद्युत्घटाचा इतिहास सांगावा, याचे कित्येकांना नवल वाटेल. आमची शाळा म्हणजे कारखान्याचे फाटक आणि सार्वजनिक वाचनालय. या विषयाकडे आम्हांला ओढले ते एका चोरीने. आमच्या कचेरीच्या दाराशी बिनतारी कॅमेरा लावला होता. संध्याकाळी त्याची बॅटरी निम्मी भरलेली दिसत होती. रात्री चोर आला, कॅमेरा जागा झाला आणि त्याच क्षणी बंद पडला. सकाळी पाहतो तो बॅटरी पुन्हा निम्मी! मग खोटे कोण बोलत होते?

हे कोडे जुने आहे. १८०० साली इटलीच्या व्होल्टाने चांदी आणि जस्त यांच्या चकत्यांमध्ये मिठाच्या पाण्याने भिजलेले कापड ठेवून चळत रचली आणि सलग वाहणारी वीज मिळवली. परंतु धातूवर हायड्रोजनचे बुडबुडे साचत आणि विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, लवकरच उतरे. १८३६ साली इंग्लंडच्या डॅनियलने यावर एक तोड काढली. पुढे १८६६ साली फ्रेंच इंजिनियर लक्लांशे याने जस्त, नवसागर आणि मँगॅनीज डायऑक्साइड यांचा घट बनवला. हा घट सतत राबवला की दमे. विसावा मिळाला की साचलेला हायड्रोजन नाहीसा होऊन दाब पुन्हा वर येई. म्हणूनच अखंड कामाला तो निरुपयोगी ठरला, पण तारायंत्राला आणि दारावरच्या घंटेला फार सोयीचा झाला. १८८६ साली जर्मनीच्या गासनरने त्याला कोरडे रूप दिले आणि सांडण्याची भीती गेली.

घराच्या राखणीला वीज त्याआधीच आली होती. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ साली, दार उघडताच घंटा वाजेल अशा युक्तीचे पेटंट घेतले. दारावर कॅमेरा आणला तो मात्र एका कष्टकरी बाईने. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन ही परिचारिका. कामाच्या वेळा अवेळीच्या, वस्तीत गुन्हे फार आणि पोलीस येणार उशिरा. तिने आणि तिच्या पतीने १९६६ साली पेटंटसाठी अर्ज केला. ते १९६९ साली मिळाले. दाराला लहान भोके, त्यांतून पाहणारा कॅमेरा आणि आत टेलिव्हिजनचा पडदा. परंतु असले अवजड यंत्र लहानशा बॅटरीवर महिनोन्महिने चालणे शक्यच नव्हते.

ते शक्य झाले दोन गोष्टींनी. १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली आणि कॅमेरे लहान होऊन थोड्या विजेवर चालू लागले. तरीही बॅटरीवरचा कॅमेरा सदैव जागा नसतो. तो झोपलेला असतो. माणसाच्या अंगाची ऊब ओळखणारा एक छोटा संवेदक तेवढा जागा राहून त्याला उठवतो. झोपेत विजेचा खर्च नाममात्र. उठताच चित्र घेणे, ते बिनतारी पाठवणे आणि रात्री अदृश्य उजेड पाडणे, हा सारा भार एकदम पडतो.

आमच्या कोड्याचे उत्तर इथेच आहे. लिथियम-आयन घट पूर्ण भरला की सुमारे ४.२ व्होल्ट दाखवतो, बराच काळ ३.७ च्या आसपास रेंगाळतो आणि शेवटी ३ कडे झपाट्याने कोसळतो. घट जुना झाला किंवा थंडीने गारठला की त्याचा आतला विरोध वाढतो. मग भार पडताच दाब खाली बसतो, कॅमेरा बंद पडतो. भार उतरला की दाब परत वर येतो. बॅटरी खोटे बोलली नव्हती. आम्ही तिला विसाव्यात असताना विचारले होते, हीच आमची चूक!

गिरणीच्या सालाबादच्या हिशेबात कामगाराचा थकवा असाच दिसत नसे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कॅमेऱ्याला झोप दिल्यावाचून तो टिकत नाही, हे कारागिरांनी ओळखले. त्याच फाटकाशी बारा तासांची पाळी करणाऱ्या रखवालदाराच्या बाबतीत मात्र ते ओळखायला आपण अजून का कचरतो? बॅटरी बदलता येते, बंधूंनो; माणूस बदलून भागत नाही.