चार महिन्यांचे औषध

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून चाडपर्यंत आणि त्याही पुढे साहेलचा कोरडा पट्टा पसरला आहे. तिथला हिवताप पावसाच्या मागोमाग येतो. वर्षभरातले बहुतेक रुग्ण तीन-चार महिन्यांतच आढळतात आणि दगावतात ती मुख्यतः पाच वर्षांखालची मुले. याच महिन्यांत निरोगी मुलांनाही औषध देऊन ठेवण्याच्या प्रथेला हंगामी हिवतापाचा औषधी प्रतिबंध म्हणतात.

या प्रथेचे एक मूळ गांबियात सापडते. १९८०च्या दशकात संशोधक ब्रायन ग्रीनवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फाराफेनी भागातील मुलांना पावसाळ्यात दर पंधरवड्याला मॅलोप्रिम हे हिवतापविरोधी औषध दिले. गोळ्या वाटण्याचे काम गावातल्याच आरोग्यसेवकांनी केले. ताप कमी झाला, बालमृत्यूही घटले. तरीही प्रयोगाची प्रथा व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला. सतत औषध दिल्यास परजीवी त्याला दाद देईनासे होतील, आणि मुलांच्या अंगी येणारी नैसर्गिक प्रतिकारशक्ती कच्ची राहील, अशी धास्ती तज्ज्ञांना होती. ती अगदीच निराधार नव्हती. गांबियात वर्षानुवर्षे औषध घेतलेल्या मुलांमध्ये ते थांबवल्यावर तापाचे प्रमाण काहीसे वाढलेले दिसले होते.

वाट निघाली ती डोसांमधले अंतर वाढवल्यामुळे. रक्तात औषध कायम ठेवण्याऐवजी महिन्यातून एकदा उपचाराची पूर्ण मात्रा द्यायची आणि तीही फक्त हंगामात, असे ठरले. २००२ मध्ये सेनेगलमधील न्याखार येथे बादारा सिसे आणि सहकाऱ्यांनी सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनसोबत आर्टेसुनेट देऊन पाहिले. हिवतापाचे प्रमाण ८६ टक्क्यांनी घटले. पुढे आर्टेसुनेटच्या जागी अमोडियाक्विन आले. कारण आर्टेसुनेट ज्या गटात मोडते, ती आर्टेमिसिनिन गटाची औषधे आजाऱ्यांसाठी राखून ठेवणे शहाणपणाचे होते. गंमत अशी, की प्रौढ प्रवाशांना प्रतिबंधासाठी दर आठवड्याला दिले जाणारे हेच अमोडियाक्विन यकृत आणि रक्तपेशींवरील दुर्मीळ पण गंभीर दुष्परिणामांमुळे मागे पडले होते.

मार्च २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने साहेलमधील ३ ते ५९ महिन्यांच्या मुलांसाठी या पद्धतीची शिफारस केली. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा बराचसा भाग तेव्हा वगळला गेला, कारण तिथल्या परजीवींवर सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनचा प्रभाव उरला नव्हता.

एक फेरी तीन दिवसांची असते. पहिल्या दिवशी आरोग्यसेवक दारात येतो, सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन आणि अमोडियाक्विन ही दोन्ही औषधे पाण्यात विरघळवून आपल्या देखत मुलाला पाजतो. अमोडियाक्विन कडू असते, म्हणून तो अर्धा तास थांबतो. मुलाने तेवढ्यात औषध ओकले, तर पुन्हा देतो. अमोडियाक्विनच्या उरलेल्या दोन मात्रा आईच्या हाती ठेवून कार्डावर नोंद करतो. पुढच्या दोन दिवसांची भिस्त आईवर असते आणि साखळीतला कच्चा दुवाही बहुधा हाच. संरक्षण सुमारे चार आठवडे टिकते, म्हणून दर महिन्याला नवी फेरी.

सुरुवातीला औषधाच्या पुरवठ्यावरच सगळे अडले. २०१२ मध्ये एका फेरीत सरासरी सुमारे २ लाख मुलांनाच औषध मिळाले. पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या आल्या, आंतरराष्ट्रीय निधी मिळाला आणि २०२२ पर्यंत हा आकडा ४.९ कोटींवर गेला. त्याच वर्षी संघटनेने भूभाग, वय आणि फेऱ्यांच्या संख्येवरची बंधने सैल केली. सेनेगलमध्ये तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हे औषध आधीपासूनच दिले जात होते.