मेदकच्या तीन खिडक्या

नांदेडहून हैदराबादला जाणारी गाडी निजामाबाद, कामारेड्डी मागे टाकते आणि मग अक्कनपेठ नावाचे छोटे स्टेशन लागते. तिथून मेदक जवळ. आज ते तेलंगणात आहे. पण 1948 पर्यंत नांदेड, मेदक आणि तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर, सगळे एकाच निजामी राज्यात होते. म्हणून मेदकच्या चर्चमधल्या रंगीत खिडक्या मला परमुलखातल्या वाटत नाहीत.

हे चर्च उभारले चार्ल्स वॉकर पॉस्नेट या वेस्लियन मिशनऱ्याने. दुष्काळाचे दिवस होते. नुसता शिधा वाटण्यापेक्षा लोकांच्या हाताला काम द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात धान्य द्यावे, असे त्यांनी ठरवले. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेल्या आपल्या माणसांना हे समजावून सांगायला नको. सुमारे दहा वर्षे बांधकाम चालले आणि 25 डिसेंबर 1924 रोजी चर्च खुले झाले. खपणारे हात इथले होते. खिडक्यांचे आराखडे मात्र लंडनच्या फ्रँक सॅलिसबरी या चित्रकाराचे.

अशा खिडकीत रंग काचेच्या पोटातच असतो. काच वितळवतानाच तिच्यात धातू मिसळतात. कोबाल्टने निळा रंग येतो, तांब्याने हिरवा, सोन्याच्या अंशाने लाल. मग आराखड्याप्रमाणे तुकडे कापून ते शिशाच्या पट्ट्यांत जोडतात. चेहरे आणि वस्त्रांच्या चुण्या तेवढ्या काळपट रंगाने रेखून भट्टीत भाजतात. गोधडी शिवणाऱ्या बाईला हे काम चटकन उमगेल.

वेदीमागची खिडकी 1927 ची. तिच्यात ख्रिस्ताचे स्वर्गारोहण आहे. जन्माची खिडकी 1947 ची आणि क्रुसाची 1958 ची. ही सालेच मला बोलकी वाटतात. पहिली बसली तेव्हा निजामाची सत्ता पक्की होती. दुसरी बसली त्या वर्षी देश स्वतंत्र झाला, पण आमचे राज्य अधांतरी होते. पुढच्याच वर्षी पोलीस ॲक्शन झाली. त्या दिवसांबद्दल आमच्या घरातली थोरली माणसे फार बोलत नसत. तिसरी बसेपर्यंत 1956 ची भाषावार प्रांतरचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता आणि मेदक आंध्रात.

मुसलमान म्हणून या खिडक्यांपुढे उभा राहतो तेव्हा दोन माझ्या ओळखीच्या निघतात. हजरत ईसांचा जन्म आणि त्यांना अल्लाने वर उचलून घेणे, दोन्ही आम्ही मानतो. क्रुसाशी आमची वाट वेगळी होते. तिथे मी गप्प राहून फक्त रंग पाहतो. जन्माची कथाही दोन भूमींत घडते. ख्रिस्ती परंपरेत बेथलेहेमचा गोठा आहे, तर कुराणात बीबी मरियम खजुराच्या झाडाखाली कळा सोसतात आणि पायाशी झरा वाहू लागतो. ज्याची जशी जमीन, तसे त्याचे चित्र, असे मला वाटते.

मग आपल्या जमिनीचे काय? गोव्यातल्या जुन्या चर्चांनी आणि घरांनी काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ चौकोन लाकडी चौकटीत बसवले. समुद्रच खिडकीत आला, म्हणा ना. त्यातून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. पुढे अँजेलो दा फोन्सेका (1902-1967) हा गोव्याचाच चित्रकार शांतिनिकेतनात शिकला. पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्याने मरीयेला साडी नेसवली. गोव्यात अनेकांना ते खपले नाही. आज त्याचीच चित्रे तिथे जपून ठेवली आहेत.

मेदकच्या काचांमागे मात्र दख्खनचे ऊन असते. लंडनच्या ढगाळ आभाळाला ते कुठून जमणार! पावसाळी दुपारी निळा रंग गडद होतो, ढग सरकला की लाल पेटतो. आता 2022 पासून अक्कनपेठहून मेदकपर्यंत रेल्वेही झाली आहे. जाल तेव्हा सकाळी किंवा दुपारी जा. सूर्य मावळल्यावर आतून त्या तिन्ही खिडक्या काळ्या दिसतात.