घडीच्या चाकूचा खटका

घडीच्या चाकूचा खटका म्हणजे मुठीत दुमडून ठेवता येणाऱ्या चाकूचे पाते उघड्या स्थितीत पक्के धरून ठेवणारी यंत्रणा होय. काम चालू असताना पाते अचानक मिटून वापरणाऱ्याच्या बोटांवर येऊ नये, हा तिचा मुख्य उद्देश असतो. मळ, गंज, वाळून चिकट झालेले तेल किंवा धातूंची झीज यांमुळे खटका अडकतो आणि पाते सहजपणे उघडत वा मिटत नाही. अडकलेला खटका जोर लावून सोडवणे हे घडीच्या चाकूने होणाऱ्या इजांचे एक नेहमीचे कारण आहे. बहुतेक वेळा हा दोष साफसफाई आणि योग्य तेल यांनी दूर होतो.

खटक्याचे प्रकार

सर्वच घडीच्या चाकूंना खटका नसतो. साध्या चाकूत मुठीच्या पाठीतील पोलादी स्प्रिंग पात्याच्या बुंधावर दाब देते. या दाबाने पाते उघडे राहते, परंतु ते कुलूपबंद होत नाही. कलमे बांधण्याचे अनेक चाकू याच प्रकारचे असतात. खटका असलेल्या चाकूंचे प्रमुख प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

पाठीचा खटका: मुठीच्या पाठीत एक तरफ असते. पाते पूर्ण उघडले की तरफेचे टोक बुंधावरील खाचेत बसते. तरफेचे मागील टोक दाबले असता पाते मोकळे होते. अमेरिकेतील बक कंपनीने १९६० च्या दशकात बाजारात आणलेल्या शिकारी चाकूमुळे हा प्रकार जगभर रूढ झाला.

पट्टीचा खटका: मुठीच्या आतील धातूची लवचीक पट्टी बाजूने सरकून बुंधाच्या मागे पाचरीसारखी बसते. या प्रकाराचे आजचे रूप मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या प्रारंभी विकसित केले. मुठीच्या चौकटीचाच एक भाग पट्टीसारखा वापरला, तर त्यास चौकटीचा खटका म्हणता येईल.

कड्याचा खटका: मुठीच्या तोंडाशी असलेले धातूचे कडे फिरवून पात्याची वाट अडवली जाते. फ्रान्समधील ओपिनेल चाकूला १९५५ मध्ये असे कडे बसवण्यात आले.

भारतात ‘खटक्याचा चाकू’ म्हटले की उत्तर प्रदेशातील रामपूर येथे बनणारा रामपुरी चाकू प्रामुख्याने डोळ्यांसमोर येतो. हिंदी चित्रपटांमुळे त्याची ख्याती गुन्हेगारीशी जोडली गेली. शेती आणि घरकामातील घडीचे चाकू हे मात्र हत्यार नसून अवजार आहेत.

वऱ्हाडातील वापर

अमरावती जिल्ह्यातील वरुड, मोर्शी, चांदूर बाजार आणि अचलपूर हे तालुके संत्र्याच्या बागांसाठी प्रसिद्ध असून वरुड तालुक्यातील शेंदुरजना घाट हे संत्र्याच्या रोपवाटिकांचे मोठे केंद्र आहे. संत्र्याची रोपे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केली जातात. खुंटाच्या सालीवर चाकूने चीर देऊन साल अलगद सैल केली जाते आणि जातिवंत झाडाचा डोळा तीत बसवून बांधला जातो. या कामात चाकू दिवसभरात असंख्य वेळा हाताळला जातो. त्यामुळे पाते सुरळीत उघडणे-मिटणे आणि उघडल्यावर न हलणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे.

अमरावती–नागपूर महामार्गावरील नांदगाव पेठ येथे औद्योगिक वसाहत असून तेथे कापडनिर्मितीचे कारखाने आहेत. सूत आणि कापसाच्या कामात, त्याचप्रमाणे गोण्यांची सुतळी किंवा ठिबक सिंचनाच्या नळ्या कापण्यासाठीही खिशातील चाकू वापरला जातो. फळबाग आणि कापूस या दोन्ही ठिकाणी खटक्याला निरनिराळ्या प्रकारे अपाय होतो.

खटका अडकण्याची कारणे

१. तंतू आणि धूळ: खिशातील कापडाचे व कापसाचे तंतू खिळीभोवती आणि खाचेत साचतात. तेलाशी मिसळून त्यांचा घट्ट मळ तयार होतो. पाठीच्या खटक्यात असा मळ खाचेच्या तळाशी बसला, तर तरफेचे टोक पूर्ण खाली उतरत नाही. अशा वेळी खटका लागल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो अर्धाच लागलेला असतो.

२. आम्ल आणि जंतुनाशक: संत्रा व लिंबू यांच्या रसातील सायट्रिक आम्लाने साधे पोलाद लवकर गंजते. लिंबूवर्गीय झाडांमधील एक्झोकॉर्टिस व्हायरॉइड हा रोगकारक घटक चाकूच्या पात्यावरून एका झाडातून दुसऱ्या झाडात जातो. तो रोखण्यासाठी पाते सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवले जाते. रोपांच्या दृष्टीने हा उपाय आवश्यक आहे, परंतु हे द्रावण पोलादास अत्यंत मारक असून गंजरोधक पोलादावरही त्याने बारीक खड्डे पडतात. द्रावण खिळीपर्यंत झिरपून तसेच राहिल्यास खटका गंजून अडकतो.

३. चुकीचे तेल: जवस आणि करडईची तेले हवेतील प्राणवायूच्या संपर्काने घट्ट होतात. याच गुणामुळे जवसाचे तेल लाकडी मुठीस संरक्षक म्हणून उपयोगी पडते. खटक्यात मात्र त्याचा काही काळाने चिकट थर बनतो. स्वयंपाकघरातील तेल घातल्यावर चाकू काही दिवस हलका चालतो आणि पुढे पूर्वीपेक्षा अधिक अडकतो, तो याच कारणाने.

४. पाचरीचा कोन आणि झीज: पट्टीच्या खटक्यात बुंधाचा टेकणारा पृष्ठभाग साधारणतः ७ ते १० अंशांनी तिरपा असतो. या कोनाचे टॅन मूल्य दोन धातूंमधील घर्षणगुणांकापेक्षा कमी असेल, तर पाचर दाबाने आपोआप सरकत नाही. ८ अंशांसाठी हे मूल्य सुमारे ०.१४ आहे. कोन फार कमी झाला तर पट्टी घट्ट रुतते आणि फार वाढला तर ती निसटते. टायटेनियमची पट्टी पोलादाला चिकटून ओढली जाण्याची प्रवृत्ती असल्याने नव्या चाकूतही हा दोष दिसतो.

५. लाकडाचा फुगवटा: पावसाळ्यात किंवा चाकू पाण्यात राहिल्याने लाकडी मूठ फुगते आणि पाते तिच्या फटीत आवळले जाते. येथे दोष कड्याचा नसून मुठीचा असतो.

दुरुस्ती

दुरुस्तीपूर्वी पात्याच्या धारेवर जाड कापडी किंवा चामडी आवरण बांधावे. पाते मिटण्याच्या मार्गात बोट ठेवू नये.

प्रथम कोरड्या, मऊ ब्रशने आणि लाकडी काडीने खाच, खिळीच्या दोन्ही बाजू व मुठीची फट साफ करावी. लोखंडी खिळा किंवा दाभण वापरल्यास टेकणारे पृष्ठभाग ओरखडतात. त्यानंतर सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने पाते उघडझाप करीत धुवावे आणि पूर्ण वाळवावे. वाळलेले तेल पाण्याने निघत नाही. त्यासाठी रॉकेलचे काही थेंब खिळीत सोडून थोड्या वेळाने पुसून काढावे. रॉकेल ज्वालाग्राही असल्याने हे काम मोकळ्या हवेत व आगीपासून दूर करावे. लाकडी मुठीचा चाकू पाण्यात बुडवू नये.

स्वच्छ झाल्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब खिळीवर सोडावा, पाते दहा-पंधरा वेळा उघडून मिटावे आणि बाहेर आलेले तेल पुसून घ्यावे. अधिक तेल धूळ धरून ठेवते. पट्टीच्या टोकावर व बुंधाच्या तिरप्या पृष्ठभागावर तेल राहू देऊ नये, कारण तेथील घर्षणावरच खटक्याची पकड अवलंबून असते.

साफसफाईनंतरही पट्टी रुतत असेल, तर बुंधाच्या टेकणाऱ्या पृष्ठभागावर शिसपेन्सिलीची एक पातळ रेघ ओढावी. पेन्सिलीतील ग्रॅफाइट कोरडे वंगण असल्याने पट्टी सुटणे सोपे होते. हा थर झिजतो व पुन्हा द्यावा लागतो. कानसीने कोन बदलणे टाळावे. थोडा धातू अधिक घासला गेला तरी अडकणारा खटका निसटणारा होतो, आणि निसटणारा खटका अधिक धोकादायक असतो.

फुगलेली लाकडी मूठ सावलीत हळूहळू वाळू द्यावी. ओपिनेलसारख्या चाकूत कडे मोकळे करून मुठीचे मागील टोक लाकडावर हलके आपटले असता आवळलेले पाते थोडे बाहेर येते.

जंतुनाशकाचा वापर होणाऱ्या रोपवाटिकांत केवळ पात्याचे टोक द्रावणात बुडवावे आणि खिळीचा भाग वर ठेवावा. काम संपल्यावर चाकू स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून तेल दिल्यास गंज टळतो.

तपासणी व सुरक्षितता

दुरुस्तीनंतर पाते पूर्ण उघडून, सर्व बोटे त्याच्या मार्गाबाहेर ठेवून, आवरण घातलेल्या पात्याच्या पाठीवर हाताने हलका दाब द्यावा. खटका किंचितही सरकल्यास तो चाकू कामास वापरू नये. पट्टी झिजून बुंधाच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोहोचणे, पाते उघड्या स्थितीत डोलणे आणि पाठीच्या तरफेचे टोक खाचेबाहेर उंच दिसणे ही खटका निकामी होत असल्याची लक्षणे होत.

माती लागलेल्या चाकूने झालेल्या जखमेतून धनुर्वाताचा संसर्ग होऊ शकतो. जखम लहान असली तरी ती साबण व वाहत्या पाण्याने धुऊन धनुर्वाताच्या लशीबाबत वैद्यकीय सल्ला घ्यावा. कापल्यानंतर बोट वाकत नसेल किंवा बधिर झाले असेल, तर स्नायुबंध वा मज्जातंतूला इजा झाल्याची शक्यता असल्याने तातडीने उपचार घेणे आवश्यक असते.

कायदेशीर बाबी

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या वर्गात मोडतात. घरगुती, शेती, वैज्ञानिक व औद्योगिक उपयोगासाठी बनवलेल्या चाकूंना यातून वगळले आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश लागू असताना सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगण्यावर बंदी घालता येते. विमानप्रवासात घडीचा चाकू हातातील सामानात नेता येत नाही.

हे सुद्धा पहा

विळा
अडकित्ता
कलम (फलोत्पादन)
नागपुरी संत्रा