मोनालिसाच्या चोरीत पिकासो आणि त्याचा समीक्षक मित्र अडकले, तरी दोस्ती तुटली नाही

एक साधं पेन्सिलचं चित्र आहे. लष्करी गणवेशातला धिप्पाड माणूस, डोक्याला पट्टी बांधलेली. चेहऱ्याचे तुकडे नाहीत, नाक-डोळे भलतीकडे नाहीत. हे पिकासोनं काढलंय असं सांगितलं, तर पटकन विश्वास बसत नाही.

पण चित्र पिकासोचंच आहे, साल १९१६. चित्रातला माणूस म्हणजे गियोम अपोलिनेर. कवी, कलासमीक्षक आणि पिकासोचा जिगरी दोस्त.

कोण होता हा अपोलिनेर?

जन्म १८८० चा, रोमचा. आई पोलिश, खरं आडनाव कोस्त्रोविट्स्की. पोटापाण्यासाठी पॅरिसमध्ये मिळेल ते लिहायचा. तिथंच त्याची गाठ पाब्लो पिकासो या विशीतल्या स्पॅनिश चित्रकाराशी पडली. पिकासो तेव्हा मोंमार्त्रच्या एका मोडकळीला आलेल्या इमारतीत राहायचा. दोघंही परके, दोघांचेही खिसे रिकामे. मैत्री जमायला वेळ लागला नाही.

१९०५ मध्ये अपोलिनेरनं पिकासोच्या चित्रांवर लेख लिहिले. तेव्हा पिकासोला फारसं कुणी ओळखत नव्हतं. पुढं त्यानंच पिकासो आणि जॉर्ज ब्राक यांची ओळख घडवून आणली आणि या जोडीनं क्युबिझम जन्माला घातला. लोक या चित्रांना हसत होते, तेव्हा अपोलिनेर त्यांची बाजू मांडत राहिला. १९१३ मध्ये त्यानं क्युबिस्ट चित्रकारांवर पुस्तकच काढलं.

गंमत म्हणजे, त्याला चित्रातलं फारसं कळत नाही असं खुद्द ब्राकचं मत होतं. पण नव्या चित्रकारांना त्या काळात हवा होता तो त्यांच्या पाठीशी ठाम उभा राहणारा माणूस, आणि तो अपोलिनेर होता.

मग मोनालिसा चोरीला गेली

२१ ऑगस्ट १९११. लूव्र संग्रहालयातून मोनालिसा गायब झाली आणि पॅरिस हादरलं.

चोरीशी या दोघांचा काडीचाही संबंध नव्हता. पण अपोलिनेरकडे काम केलेल्या जेरी पिएरे नावाच्या माणसानं काही वर्षांपूर्वी लूव्रमधूनच प्राचीन दगडी शिल्पं लांबवली होती. त्यातली दोन पिकासोकडे होती. आता पोलीस दारात येणार, आपल्याला देशाबाहेर काढणार, या भीतीनं दोघं गारठले. शिल्पं सूटकेसमध्ये भरून रात्री सीन नदीत टाकायला निघाले, पण धीर झाला नाही. शेवटी ती एका वर्तमानपत्रामार्फत परत केली.

तरी ७ सप्टेंबरला अपोलिनेरला अटक झालीच. चौकशीसाठी पिकासोलाही बोलावलं. पिकासोची तेव्हाची जोडीदार फर्नांद ऑलिव्हिए हिनं आठवणींत लिहिलंय की, घाबरलेल्या पिकासोनं आपण या माणसाला ओळखतच नाही, असा पवित्रा घेतला.

अपोलिनेर जवळपास आठवडाभर तुरुंगात होता. खरा चोर विंचेंझो पेरुज्जा सापडला तो थेट १९१३ मध्ये.

एवढं झाल्यावर कुणीही मैत्री तोडली असती. अपोलिनेरनं तोडली नाही. १९१३ मध्ये त्याचा 'अल्कूल' हा कवितासंग्रह आला, तेव्हा सुरुवातीलाच पिकासोनं काढलेलं त्याचं क्युबिस्ट चित्र होतं. चेहरा ओळखूच येऊ नये असं.

डोक्याला लागलेला तोफगोळा

१९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं. स्पेन तटस्थ असल्यानं पिकासो पॅरिसमध्येच राहिला. अपोलिनेर फ्रेंच नागरिक नसतानाही सैन्यात भरती झाला. मार्च १९१६ मध्ये त्याला फ्रेंच नागरिकत्व मिळालं आणि त्यानंतर काही दिवसांतच, १७ मार्चला, तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या डोक्यात घुसला. पुढं कवटीला भोक पाडून शस्त्रक्रिया करावी लागली.

पेन्सिलचं ते चित्र या जखमेनंतरचं. तीन वर्षांपूर्वी याच चेहऱ्याचे तुकडे करणाऱ्या पिकासोनं या वेळी मित्र जसा दिसत होता तसाच काढला, पट्टीसकट. युद्धाच्या काळात तो मॅक्स जेकबसारख्या इतर मित्रांचीही अशीच स्वच्छ रेषांची चित्रं काढत होता. १९१८ मध्ये अपोलिनेरचा 'कॅलिग्राम' हा संग्रह आला. शब्दांची मांडणी करून चित्र तयार होईल अशा कविता त्यात होत्या. त्याच्या सुरुवातीला जखमी अपोलिनेरचं पिकासोनंच काढलेलं चित्र छापलं गेलं.

त्याच वर्षी मे महिन्यात अपोलिनेरच्या लग्नात पिकासो साक्षीदार होता आणि जुलैत पिकासोच्या लग्नात अपोलिनेर. पोलिसांपुढं घडलं ते मागं पडलं होतं.

पण ९ नोव्हेंबर १९१८ रोजी स्पॅनिश फ्लूनं अपोलिनेर गेला. वय ३८. दोनच दिवसांनी युद्ध थांबलं.

मित्रांनी स्मारक करायचं ठरवलं, काम पिकासोकडं आलं. १९२८ मध्ये त्यानं तारांच्या शिल्पांचे नमुने दाखवले, समितीला ते पटले नाहीत. अखेर १९५९ मध्ये, म्हणजे मित्राला जाऊन ४१ वर्षं झाल्यावर, पॅरिसमधल्या सँ-जर्मँ-दे-प्रे चर्चशेजारच्या छोट्या बागेत पिकासोचं एक शिल्प अपोलिनेरच्या नावानं बसवलं गेलं. शिल्पातला चेहरा मात्र अपोलिनेरचा नाही, तो पिकासोची एकेकाळची जोडीदार डोरा मार हिचा आहे. अपोलिनेरचा चेहरा बघायचा तर त्या पेन्सिलच्या चित्राकडंच जावं लागतं.