काट्याची मर्यादा

मराठीत 'मर्यादा' हा शब्द यंत्रालाही लागतो आणि माणसालाही. चेर्नोबिलमध्ये यंत्राची मर्यादा हीच धोक्याची मर्यादा मानली गेली.

२६ एप्रिल १९८६ च्या रात्री १ वाजून २३ मिनिटांनी चौथ्या अणुभट्टीत स्फोट झाला. काही मिनिटांतच लेफ्टनंट व्होलोदिमिर प्राविक यांचे प्रकल्पातले अग्निशमन पथक पोहोचले. पाठोपाठ प्रिप्यात शहरातून विक्टर किबेनोक यांचे पथक आले. छपरावरचे डांबर पेटले होते, भट्टीतल्या ग्रॅफाइटचे तुकडे सर्वत्र पडले होते. जवानांच्या अंगावर आगीशी लढण्याचा नेहमीचा पोशाख होता. किरणोत्सारापासून त्याचा बचाव नव्हता. आग शेजारच्या तिसऱ्या भट्टीकडे जाऊ नये म्हणून ते वर चढले. थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या.

प्रकल्पात हाताशी असलेली मापकयंत्रे सेकंदाला १००० मायक्रोरोंटगेन, म्हणजे तासाला ३.६ रोंटगेन, एवढेच मोजू शकत. काटा तिथे जाऊन अडला आणि वरिष्ठांपर्यंत तोच आकडा गेला. 'याच्या पुढचे मला मोजता येत नाही' हे यंत्राचे सांगणे 'याच्या पुढे काही नाही' असे वाचले गेले. ढिगाऱ्याजवळ प्रत्यक्ष पातळी तासाला हजारो रोंटगेन होती. उपचारांविना जीव जायला एकूण चारपाचशे पुरतात.

प्राविक आणि किबेनोक ११ मे रोजी मॉस्कोच्या रुग्णालयात वारले. किरणोत्साराच्या तीव्र आजाराचे निदान १३४ जणांत झाले. त्यांतले २८ जण पहिल्या काही महिन्यांतच दगावले.

माणसाची मर्यादाही आकड्यांतच ठरते, आणि ती हलते. फुकुशिमाच्या दुर्घटनेत, मार्च २०११ मध्ये, जपान सरकारने आपत्कालीन कामगारांसाठीची मर्यादा १०० मिलिसिव्हर्टवरून २५० वर नेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या मार्गदर्शनानुसार जीव वाचवण्याच्या कामात ती ५०० पर्यंत जाऊ शकते. मात्र त्यासाठी एक अट आहे: जाणाऱ्याला धोका आधी समजावून सांगितलेला हवा आणि तो स्वेच्छेने गेलेला हवा.

ही अट वाचताना चेर्नोबिलचे छप्पर आठवते. सगळे ठाऊक असते तरी प्राविक यांची माणसे कदाचित चढलीच असती. पण त्या रात्री त्यांना कोणी विचारले नाही. विचारताना पुढे ठेवावा असा खरा आकडाच कोणाच्या हाती नव्हता.